नमुना घेतला, पुढे काय?
जानेवारी १९८४. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या जासई परिसरात पेटलेल्या लढ्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. तसा लढा आज उभा राहिला, तर अटक झालेल्यांच्या बोटांचे ठसे, बुबुळांच्या खुणाही सरकारदप्तरी जातील. आरोपींच्या ओळखनोंदींबाबतच्या २०२२ च्या कायद्याने या नोंदी ७५ वर्षे जपण्याची मुभा दिली आहे. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, महिला-बालकांवरील गुन्हे वगळता, रक्ताचा नमुना नाकारता येतो. पण पोलीस ठाण्यात हे सांगणार कोण? शिवाय रक्तातून मिळणारा डीएनए एकट्याचा नसतोच, त्यातून भावाबहिणींचाही माग निघतो. बलात्कार-खुनाच्या तपासात ही चाचणी हवीच. मात्र नियामक मंडळाची तरतूद असलेले डीएनए विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. निदान निर्दोष सुटलेल्याला नमुना नष्ट केल्याचा लेखी दाखला मिळालाच पाहिजे.