टोपलं उचलणाऱ्यालाही पगार नाही!
सेनगावकरांना जाहीर आवाहन



परवा एका बाजारगावी जे डोळ्यांनी पाहिलं, त्यानंतर हे पत्रक काढायला आणखी आठ दिवस थांबणं आम्हाला जमलं नाही. गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण त्या गावाचं होतं आणि बाकीची गावं मोकळी सुटतात.

भरबाजारात ट्रॅक्टर आला. मेथीच्या जुड्या, थोडा शेपू, दोन टोपली वांगी, एक तराजू. एका म्हातारीचं सगळं दुकान एवढंच. "आज्जे, रस्ता मोकळा करायचाय" म्हणत ते सगळं ट्रॉलीत फेकलं. यादी नाही, पावती नाही, नोटीस तर सोडूनच द्या. सकाळी त्याच जागेवर बसल्याबद्दल तहबजारीचे पैसे तिच्याकडून घेतलेले होते. ती चिठ्ठी तिच्या कमरेच्या पिशवीत तशीच होती. सकाळी जागेचं भाडं घ्यायचं आणि दुपारी त्याच जागेला अतिक्रमण म्हणायचं! सावकार तरी एवढं करत नाही.

पण आमचं डोकं फिरलं ते पुढच्या गोष्टीनं. टोपलं उचलणारा पोरगा त्या म्हातारीच्याच गल्लीतला, ठेकेदाराकडचा सफाई कामगार. पहाटे झाडू मारतो, दुपारी त्याला अतिक्रमणाच्या ट्रॅक्टरवर चढवतात. बाजूला घेऊन विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "दादा, तीन महिन्याचा पगार नाही. नाही म्हणलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतेत."

सेनगावात हे घडलं असं आम्ही म्हणत नाही. घडू नये म्हणून आजच बोलतो आहोत. कुठल्याही पालिकेच्या विषयपत्रिकेवर हे दोन विषय वेगवेगळे येतात. एक 'रस्त्यावरील अतिक्रमण', दुसरा 'कंत्राटी मनुष्यबळ पुरवठा'. पहिल्यावर तावातावानं भाषणं होतात, दुसरा 'मंजूर, मंजूर' म्हणत दोन मिनिटांत संपतो. आमचं म्हणणं असं की विषय एकच आहे. रस्ता झाडणारा आणि रस्त्यावर बसणारा एकाच घरात जेवतात. सुनेच्या हातात झाडू, सासूच्या डोक्यावर टोपलं. एकाला दुसऱ्याच्या अंगावर घातलं की दोघंही गप्प बसतात. ते गप्प बसावेत म्हणूनच तर हे दोन विषय वेगळे ठेवले जातात.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा आपण पेढे वाटले. नगरपंचायत म्हणजे शहर. शहर म्हणजे पथविक्रेत्यांचा कायदा लागू. हा दुसरा भाग सांगायला कोणी दारात आलं नाही. म्हणून आम्ही सांगतो.

२०१४ चा पथविक्रेता कायदा देशभर १ मे २०१४ पासून अमलात आला. तो आयता मिळालेला नाही. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावर धंदा करणं हा व्यवसायाच्या मूलभूत हक्कात बसतो, त्यावर वाजवी बंधनं घालता येतील, असं म्हटलं. त्यानंतर कायदा यायला २५ वर्षं गेली. राज्याचे नियम २०१६ मध्ये आले. कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रं द्या, तोवर कोणाला उठवू नका. उठवायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस द्या. माल जप्त केला तर यादी करून द्या, नाशवंत माल त्याच दिवशी परत करा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. मेथी नाशवंत आहे हे सांगायला वकील लागत नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत, असंही त्यात आहे. दहा हजारांच्या गावात अडीचशे जण. आणि ५० वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार मानून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, हेही त्याच कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. आपल्या आठवडी बाजारात तुमची आजी बसत होती की नाही, ते घरी जाऊन विचारा आणि तारीख, साल, जागा वहीत लिहून ठेवा. ती वही पुढे कामाला येणार आहे.

याच कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे. अध्यक्ष मुख्याधिकारी, पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी मत देऊन निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश बाया. जागा कुठं, वेळ कोणती, किती जण, हे या समितीला विचारून ठरायचं असतं. एखाद्या पुढाऱ्याला चौकात फ्लेक्स लावायला जागा हवी म्हणून ते ठरत नसतं. (फ्लेक्सचा उल्लेख मुद्दाम केला. टोपल्यानं अडतो तो रस्ता फ्लेक्सच्या बांबूनं कसा अडत नाही, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.)

मुंबईचं ऐका. तिथं २०१४ च्या पाहणीत ९९ हजारांहून जास्त अर्ज आले, आणि अधिवासाच्या दाखल्यासारख्या अटींत बहुतेक गळाले. समितीचं मतदान व्हायला २९ ऑगस्ट २०२४ उजाडला, कायद्यानंतर दहा वर्षं, आणि झालेल्या मतदानाचा निकालही कोर्टात अडकला. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या मोठ्या संघटना असताना ही गत. आपल्याकडे कागद नसतील तर आपण पहिल्याच चाळणीत खाली पडू.

आता झाडूवाल्यांकडे वळू. कंत्राटी कामगार म्हणजे बेवारस कामगार नव्हे. किमान वेतन शासन ठरवतं, ठेकेदार नाही. त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे. ठेकेदारानं दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या कामगार संहितांतही आहे. म्हणजे 'तुमचा पगार ठेकेदाराकडे मागा' हे वाक्य कोणत्याही पालिकेच्या खुर्चीवर बसून बोलणं हे एकतर अज्ञान आहे, नाहीतर लबाडी.

भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. पालिकांना तो कायदा जानेवारी २०११ पासून लागू आहे. हिशेब सरळ मांडतो. पगार १०,००० धरला तर कामगाराचे १,२०० आणि मालकाचे १,२००, महिन्याला २,४००. वर्षाला २८,८००. दहा वर्षांत व्याज न धरता २ लाख ८८ हजार, निधी आणि पेन्शन मिळून. हे पैसे कापले जातात आणि भरले जात नाहीत, असं ज्याच्या बाबतीत होतं त्याचं घर दरवर्षी एवढ्या रकमेला लुटलं जातं असं समजा. कामावर असताना माणूस गेला तर याच खात्यावर घरच्यांना सात लाखांपर्यंत विमा मिळू शकतो. खातंच नसेल तर सरणाची लाकडंसुद्धा उसनी.

गटाराचं एका वाक्यात सांगतो. माणसाला मैल्याच्या टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तिथं मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयानं २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितलं आहे. कोणी 'जरा उतर' म्हटलं तर हे तोंडावर सांगा.

आणि कोणी म्हणेल, लढून काय होतं? मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाचे २,७०० कंत्राटी सफाई कामगार वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकले. कायम करा, असा निकाल. त्यानंतरही नावातल्या चुकांवरून अनेकांची अडवणूक झाली. हजेरीपटावर 'गंगूबाई', आधारवर 'गंगाबाई', की संपलं. म्हणून कागद, कागद आणि कागद!

आता आक्षेप. आम्ही ते ऐकून ऐकून कंटाळलो आहोत, पण उत्तर देतो. 'रुग्णवाहिका कशी जाणार?' जाईल. जिथं पट्टा आखून गाडे एका बाजूला लावले जातात तिथं जाते. जिथं दुकानासमोर चारचाकी, तिच्यामागे दुचाकी आणि तिच्यामागे ट्रॅक्टर उभा असतो तिथं जात नाही. 'फेरीवाले गुंड असतात.' ठाण्यात २०२१ च्या ऑगस्टमध्ये कारवाईला गेलेल्या महिला अधिकाऱ्यावर एका फेरीवाल्यानं सुरा घेऊन हल्ला केला, त्यांची बोटं तुटली. तो गुन्हाच होता, आम्ही त्याचं समर्थन करत नाही, करणार नाही. पण एका माणसाच्या सुऱ्यासाठी मेथीवाल्या म्हातारीला शिक्षा का? 'तिजोरीत पैसा नाही.' हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात पोकळ. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचा ठराव आला तेव्हा विरोधात मत पडलं ते त्यांचं एकट्याचं. मंडईची मोठी इमारत बांधण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर लावा, असंही ते म्हणाले. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं, हा आपल्या लोकांचा विनोद. स्वागत, कमानी, सत्कार यांना पैसा असतो आणि पगाराला नसतो, हे तेव्हापासूनचं आहे.

आणि रागावू नका, पण थोडं तुम्हालाही बोलायचं आहे. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता तुम्ही गच्चीवर ताट वाजवलंत. कोणी सफाईवाल्यांच्या गळ्यात हार घातले, फोटो काढले. ते फोटो अजून मोबाइलमध्ये असतील. त्या फोटोतल्या बाईला आज रजा मिळते का, हातमोजे मिळतात का, एकदा तरी विचारलंत? गाडगेबाबांच्या नावानं खराटा हातात घेऊन पाच मिनिटांचं स्वच्छता अभियान करायचं आणि रोज खराटा धरणाऱ्याला 'ए' म्हणून हाक मारायची. बाबा असते तर पहिला खराटा आपल्याच पाठीत बसला असता. आषाढी झाली की परतवारीला आपण सगळे नर्सीला जातो. त्या गर्दीत फुलं, बत्तासे, चहा, पोरांचे फुगे कोणाकडून घेतो? रस्त्यावर बसलेल्याकडूनच. दुसऱ्या दिवशी पत्रावळ्या कोण उचलतं? तेव्हा कोणाला अतिक्रमण दिसत नाही.

गोरेगाव, साखरा, पानकनेरगाव, केंद्रा इकडून तहसीलच्या कामाला आलेला माणूस दुपारी जो वडापाव खातो, तोही गाड्यावरचाच. गाडा उठला तर तो माणूस उपाशी परत जाईल, आणि त्याची पिशवी भरणारा किराणा दुकानदारही रिकामा बसेल. व्यापारी मंडळींनी हे शांतपणे समजून घ्यावं.

आमची संघटना मोठी नाही. कार्यालय नाही, गाडी नाही, फलकसुद्धा रंगवून घेतलेला नाही. पण वर्गणीचा एकेक रुपया वहीत आहे आणि ती वही कोणीही मागावी, कुठंही बसून वाचावी. आमच्यात हमाल आहेत, भाजीवाल्या आहेत, घंटागाडीवरची पोरं आहेत, ऊसतोडीहून परतल्यावर चार महिने गाडा लावणारे आहेत. पुण्यात बाबा आढावांनी हमाल आणि कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांना एकत्र बसवलं, त्या वाटेवरची ही छोटी पायवाट समजा. कोणत्याही पक्षाचा झेंडा आमच्या बैठकीत येत नाही. एकदा आला होता, आम्ही चहा पाजून परत पाठवला.

तर आता करायचं काय. घाईत लिहितो, नीट वाचा.

ज्यांचा गाडा, टोपलं, पाल आहे त्यांनी तहबजारीच्या सगळ्या पावत्या एका पिशवीत जमा करा. फाटलेल्याही चालतील. आपल्या जागेवर, मालासकट, मागचा खांब किंवा पाटी दिसेल असा फोटो काढून ठेवा. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक यांवरची नावं एकसारखी आहेत का ते आजच बघा. पंतप्रधान स्वनिधीचं कर्ज घेतलं असेल तर त्याचा कागद जपा, तो विक्रेता असल्याचा पुरावा आहे. घेतलं नसेल आणि हवं असेल तर शिफारसपत्राचा अर्ज आम्ही लिहून देऊ. पहिला हप्ता आता १५,००० चा आहे आणि योजना मार्च २०३० पर्यंत आहे.

सफाई, पाणीपुरवठा, घंटागाडी यांवरच्या कामगारांनी आपला यूएएन नंबर, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा नंबर, माहीत आहे का ते सांगा. माहीत नसेल तर लाजू नका. हजेरीचा फोटो रोज काढा. पगार कोणत्या तारखेला, किती, रोख की खात्यावर, ते लिहा.

माहितीच्या अधिकाराचे दोन अर्ज तयार करत आहोत. एक पथविक्रेता सर्वेक्षण आणि समितीबद्दल, दुसरा मनुष्यबळ कंत्राटाची प्रत आणि निधी भरल्याची चलनं याबद्दल. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. सही करायला माणसं हवी आहेत. भीती वाटत असेल तर सही करू नका, पण सही करणाऱ्याला घरी बोलवून घाबरवूही नका.

प्रत्येक प्रभागातून पाच-सहा जणांनी, त्यात निम्म्या बाया, आपल्या नगरसेवकाच्या दारात जायचं. शिवीगाळ नको, घोषणा नको. एकच विचारायचं: पुढच्या सभेत सर्वेक्षण आणि पगार हे दोन्ही विषय एकत्र मांडणार का? हो की नाही, ते वहीत लिहून घ्यायचं आणि खाली त्यांची सही मागायची. १७ सदस्य, १७ उत्तरं. सही दिली नाही तर 'सही दिली नाही' असं लिहायचं. ती यादी आम्ही बाजारात वाचून दाखवू.

सफाईवाल्या पोरांना एक वेगळं सांगणं आहे. उद्या तुम्हाला कोणी टोपलं उचलायला पाठवलं तर लेखी आदेश मागा. आदेश दिला तर त्याचा फोटो काढा आणि आम्हाला फोन लावा. आम्ही तिथं येऊन बसू. तुम्हाला एकट्यानं 'नाही' म्हणावं लागणार नाही, तुमच्या बाजूला आम्ही पन्नास जण 'नाही' म्हणायला उभे असू.

बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला पारावर बैठक आहे. येताना वर सांगितलेले कागद, एक पेन आणि जमलं तर बसायला पोतं घेऊन या. लहान लेकरं असतील तर आणा, सांभाळायला दोन मुली ठरवल्या आहेत. झाडूच्या पाळीवर असणाऱ्यांसाठी हीच बैठक रात्री नऊला पुन्हा होईल. चहा संघटनेचा, कप आपापला आणा.

आपले,
सेनगावातील हातगाडी, टोपली, हमाली व सफाई काम करणाऱ्यांच्या वतीने