खाज कुत्र्याला, घाई मालकाला

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. कुणाचा शिझू, कुणाचा ल्हासा, कुणाचा पग. पंजे चाटून लाल केलेत, कान सारखे खाजवतोय, पोटावर चट्टे उठलेत. आणि शेवटी प्रश्न एकच: कुठलं खाणं आणू?

माझं उत्तर फारसं कुणाला आवडत नाही. तूर्त काहीच आणू नका. कुत्रा का खाजवतो याच्या कारणांत खाणं बरंच खाली येतं. पिसवा, खरजेचे किडे, धूळ आणि परागकणांची ॲलर्जी, आपल्या दमट हवेत कातडीच्या घड्यांत माजणारं यीस्ट, हे सगळे त्याच्या आधी रांगेत उभे आहेत. शेपटीच्या बुडाशी खाज असेल तर पिसवांवर संशय घ्या. खाज बारा महिने असेल, सोबत कान वारंवार बिघडत असतील किंवा पोट ठीक राहत नसेल, तर मात्र वाटीत डोकावून पाहायला हवं.

वाटीत काय असतं? कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त वेळा दोषी ठरलेले पदार्थ होते बीफ, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू. आपल्याकडे बीफ सहसा वाटीत नसतं, पण उरलेले तिघे रोजचेच. शाकाहारी घरातली दूध-पोळी म्हणजे दोन संशयित एकाच वाटीत. मांसाहारी घरात चिकन-भात आणि बाजारातल्या बहुतेक पाकिटांतही चिकनच. ‘इतकी वर्षं हेच खातोय, मग आताच कसा त्रास?’ असं विचारतात. ॲलर्जी होते ती ओळखीच्या प्रथिनाचीच, आणि कितीही वर्षांनी होऊ शकते.

आता पाकिटाकडे वळू. पुढच्या बाजूला ‘सेन्सिटिव्ह स्किन’ लिहिलेलं असतं, ते कंपनीचं वाक्य आहे, डॉक्टरांचं निदान नव्हे. पाकीट उलटा आणि घटकांची यादी वाचा. पुढे लॅम्बचं चित्र असलेल्या पाकिटामागे चिकन मील किंवा चिकन फॅट सापडणं मुळीच दुर्मीळ नाही. ‘ग्रेन-फ्री’च्या मोहातही पडू नका. धान्यापेक्षा मांस आणि दूधच अधिक वेळा दोषी असतं, तांदूळ तर क्वचितच. उलट वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या अशा खाण्यांचा हृदयाच्या स्नायूंच्या आजाराशी संबंध आहे का, याची अमेरिकेच्या एफडीएने २०१८ पासून चौकशी केली. तो संबंध सिद्ध झालेला नाही, पण जास्त पैसे मोजून हा घोर घरी का आणायचा? माशाच्या तेलातलं ओमेगा-३ मात्र त्वचेला खरोखर उपयोगी पडतं. त्याची जागा जवस घेऊ शकत नाही, कारण जवसातल्या ओमेगा-३चं उपयोगी रूपात रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फारच थोडं होतं.

खरी परीक्षा एकच आहे. त्याने पूर्वी कधी न खाल्लेलं एक प्रथिन, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं ‘हायड्रोलाइज्ड’ खाणं, सलग आठ आठवडे. कोणतं, ते व्हेटला ठरवू द्या. घरी शिजवणार असाल तर कॅल्शियमचा हिशेबही त्यांच्याकडूनच घ्या. खाज कमी झाली की जुनं खाणं पुन्हा सुरू करायचं. दोनेक आठवड्यांत खाज परतली, तर दोषी सापडला. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात. रक्ताच्या, केसांच्या, लाळेच्या चाचण्यांवर हजारो रुपये घालवतात, आणि अन्न-ॲलर्जीच्या बाबतीत त्या भरवशाच्या नाहीत.

आठ आठवडे पार पडत नाहीत ते कुत्र्यामुळे नव्हे, घरच्यांमुळे. आजोबा चहातलं बिस्किट देतात, स्वयंपाकवाल्या मावशी पोळीचा तुकडा टाकतात, नातू पनीर. गोचिडांसाठी दिलेल्या चघळायच्या गोळीतही मांसाचा स्वाद असतो, तीही व्हेटला विचारून बदला. छोट्या कुत्र्याच्या बाबतीत तर ‘एवढंसंच दिलं’ ही सबब चालतच नाही. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी त्यातल्या शंभरेक घेऊन जाते. म्हणजे वजन वाढतं आणि परीक्षाही फसते.

दर महिन्याला नवं पाकीट आणणाऱ्याला कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही, कारण हवाही त्याच काळात बदललेली असते. तेव्हा आधी पिसवांचा बंदोबस्त, मग त्वचेची तपासणी, आणि त्यानंतरच खाण्याची परीक्षा. ती सुरू कराल त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून बजावा: या वाटीबाहेरचा एक घासही नाही. एवढं जमणार नसेल, तर महागडं पाकीट आणूच नका.