करुणकथा म्हणू नका, साक्ष म्हणा!

मांजरीच्या बौद्ध बंधुभगिनींनो,

आपल्या समाजातील स्त्रीपुरुषांनी लिहिलेली जीवनकथने आज विद्यापीठांतून अभ्यासली जातात. आपली मुले ती पुस्तके घेऊन घरी येतात. परंतु या पुस्तकांविषयी बोलणारे पुष्कळ लोक कोणते शब्द वापरतात, याकडे आपले लक्ष गेले आहे काय? 'हृदयद्रावक', 'करुण', 'आक्रोश' या शब्दांपुढे त्यांची मजल जात नाही. हे सहानुभूतीचे शब्द ऐकून आपणांस बरे वाटते. माझे स्पष्ट मत असे आहे की, हे शब्द आपल्या हक्कांच्या मुळावर येणारे आहेत.

कारण उघड आहे. करुणरसाचा शेवट वाचकाच्या डोळ्यांतील पाण्यात होतो. डोळे पुसले की पुस्तक मिटते आणि वाचक आपल्या वाड्यात सुखाने झोपी जातो. साक्षीचे तसे नाही. साक्ष ऐकणाऱ्याला निवाडा द्यावा लागतो. अन्याय कोणी केला, कोणत्या रूढीच्या बळावर केला, त्याची भरपाई काय, हे प्रश्न साक्षीदार उभे करतो. म्हणून आमच्या माणसांच्या कथनाला काय म्हणावयाचे, हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नाही.

नाव ठेवण्याच्या अधिकाराचे मोल आपण जाणता. आपल्या मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथील वाणांना 'मांजरी मेडिका', 'मांजरी नवीन' अशी नावे आहेत. ज्या मातीत वेल वाढला, त्या मातीचे नाव त्याला मिळाले. द्राक्षाला जो मान मिळाला तो आपल्या पूर्वजांना मिळाला नाही. गावगाड्याने त्यांना धोंड्या, कचऱ्या अशा नावांनी हाका मारल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपणांस 'बौद्ध' हे नाव घेण्याचा मार्ग दाखविला. माणसाचे नाव आपण बदलले. मग त्याच्या जीवनकथेला नाव देण्याचे काम इतरांकडे कां ठेवावे?

आता शब्दांचा अर्थ नीट पाहू. 'आत्मचरित्र' म्हणजे रूढ अर्थाने एका व्यक्तीचा जन्मापासून कर्तृत्वापर्यंतचा आलेख. 'आठवणी' म्हणजे आयुष्यातून निवडून घेतलेले प्रसंग. 'आत्मकथन' किंवा 'स्वकथन' हा शब्द आमच्या पुस्तकांसाठी रुळला. त्यात कर्तृत्वाचा डौल नसून जगलेल्या जीवनाचे निवेदन आहे. अनात्मवादी धम्मात 'आत्म' हा शब्द कसा चालेल, अशी शंका कोणी घेईल. येथे 'आत्म' म्हणजे अमर आत्मा नव्हे, 'स्वतः' एवढाच त्याचा अर्थ आहे. तरीही ज्यांना तो खटकतो त्यांनी 'स्वकथन' म्हणावे.

साक्ष कशी द्यावी याचा धडा खुद्द बाबासाहेबांनी घालून दिला आहे. त्यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे इंग्रजी हस्तलिखित १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्यात जन्म नाही, पदव्या नाहीत, गोलमेज परिषद नाही. प्रवास, निवारा, पाणी, औषधोपचार, नोकरी अशा प्रसंगी अस्पृश्यतेने माणसाची वाट कशी अडविली, याच कसोटीवर प्रसंग निवडलेले आहेत. यालाच 'प्रसंगनिवड' म्हणतात. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमाला, त्याच्या भावाला व भाच्यांना बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाडे देऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी, गाडीवानाने बाजूने पायी चालावे, या अटीवर! बाबासाहेब तेथे रडावयास सांगत नाहीत. हिशेब पुढे ठेवतात. आणि सहा प्रकरणांपैकी शेवटची दोन तर त्यांच्या स्वतःच्या अनुभवाची नाहीतच. एक काठेवाडातील अस्पृश्य शिक्षकाचे, ज्याच्या आजारी बाळंतिणीला डॉक्टर स्पर्श करीना. दुसरे, तलाठ्याच्या कामावर गेलेल्या तरुणाचे. ज्या कथनातला 'मी' दुसऱ्याच्या दुःखाला जागा करून देतो, त्याला करुणकथा कोण म्हणेल?

दुसरी संज्ञा 'निवेदक'. जो भोगतो आणि जो सांगतो, ते नेहमी एकच नसतात. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांना सांगतो. माणूस एकच; पण एक गावाने घडविलेला, दुसरा शिक्षणाने. दोघांमधील अंतर हाच त्या पुस्तकाचा मोठा पुरावा आहे. तिसरी गोष्ट, सर्वनाम. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकातील 'आमच्या' म्हणजे पती न्यायमूर्ती रानडे व त्या स्वतः. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मधील 'आमुचं' म्हणजे पुरंदर तालुक्यातील वीरगावचा अवघा महारवाडा! शब्द तोच, पण त्यात किती माणसे मावतात ते पाहा. ही नजर ज्याला नाही तो म्हणतो, 'यात व्यक्तिरेखा ठसत नाही.' अहो, जेथे समाजच नायक आहे तेथे एकटी व्यक्तिरेखा शोधावयाची कशाला?

परंतु दोष केवळ टीकाकारांकडेच नाही. आपल्याच घरांत म्हटले जाते, 'कशाला जुने उकरता? मुलांची लग्ने व्हावयाची आहेत. मेलेले ढोर ओढल्याचे, शिळे तुकडे मागितल्याचे कशाला सांगता?' बंधुभगिनींनो, लाज कोणाला वाटावी? तुकडे मागावयास लावणाऱ्याला की मागणाऱ्याला? थेरगाथेत सुनीत स्थविर आपला हीन मानलेला जन्म आणि सफाईचे काम स्वमुखाने सांगतात. थेरीगाथेत पुण्णिका आपण पाणी भरणारी दासी होतो हे सांगते. त्या दोघांना संघात लाज वाटली नाही. स्वकथनाची ही परंपरा धम्मात फार जुनी आहे. ती आपल्या ओसरीवर येऊन थांबावी काय?

वेळ मात्र थोडा उरला आहे. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले. मुळा-मुठेच्या काठच्या शेतांवर इमारती उभ्या राहत आहेत. जुना पाणवठा कोणता, येसकराची काठी कोणाच्या घरी होती, १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले तेव्हा घरात काय बोलणे झाले, हे सांगणारी माणसे गेली की जागाही मुक्या होतील.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. आजीआजोबांजवळ बसून लिहावे. साल, ठिकाण, काम, मजुरी नोंदवावी. त्यांची बोली पुस्तकी करू नये. बोली हीच साक्षीवरील सही आहे. ज्या प्रश्नावर ते गप्प होतील, तेथे 'गप्प राहिले' असे लिहावे, मौनही बोलते. आणि चौथे शील विसरू नये. मृषावाद करावयाचा नाही. अपमान फुगवू नये, तसाच तो झाकूही नये. भावाने भावाचे, नवऱ्याने बायकोचे जे हिरावले असेल तेही वहीत आले पाहिजे. स्वतःविरुद्ध बोलण्यास जो साक्षीदार कचरत नाही, त्याचीच साक्ष टिकते.

अशी वही तयार असेल तर उद्या तुमच्या मुलाला कोणी विचारील, 'तुमच्या घरची करुण कहाणी काय?' तेव्हा तो ताठ मानेने सांगेल, 'कहाणी नाही. साक्ष आहे. ऐकून निवाडा द्या.'

जय भीम!