किडनी बिघडली म्हणजे माणूस संपला नाही!



खारपाणपट्ट्यातल्या एका बैठकीत एक कास्तकार उठला. म्हणाला, "साहेब, डॉक्टरनं किडनी खराब सांगितली. आता पऱ्हाटी कशासाठी लावू?" सारी बैठक गप्प झाली. त्या गप्प बसण्याशीच माझे भांडण आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीत पाणी मुरत नाही, विहिरी खाऱ्या. म्हणून आपण वावर पडीत टाकले काय? चर खणले, शेततळी केली, झेपेल ते पीक घेतले. किडनी म्हणजे शरीराचा निचरा. तो मंदावला तर अंगाचीही तशीच निगा राखायची.

रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका. दिवसाचे मीठ ५ ग्रॅम, लहान चमचाभर. ठेचा, लोणचे, पापडातले मीठही त्यातच मोजा. स्वतःच्या मनाने भाकरी, डाळ तोडू नका. काय किती खायचे, पाणी किती प्यायचे, ते रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरला ठरवू द्या. डवरणीने कंबर धरली म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणू नका. वैदूचे भस्म तर नकोच; अशा भस्मांत शिसे, पारा सापडलेला आहे. लवकर कळलेला आजार बहुतेकांना वर्षानुवर्षे रोखून धरता येतो, शेतीही करता येते.

मग घात कुठे होतो? उशिरा कळण्यात. सुरुवातीला हा आजार दुखत नाही. लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन, एवढ्या दोन तपासण्या त्याचा माग लावतात.

सरकार म्हणते, डायलिसिस फुकट. केंद्राने २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही ते बसते. पण आठवड्याला बहुधा तीन खेपा, दर खेपेला चारेक तास यंत्रावर. एस.टी.चे भाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी कोण भरणार? कापसाला भाव द्यायचा नाही आणि फुकटच्या उपचाराला जायला गाय विकायला लावायची, याला फुकट म्हणत नाहीत!

म्हणून या मेळाव्यात तीन मागण्यांचा ठराव करू :

१) प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या दोन्ही तपासण्या.
२) प्रत्येक तालुक्यात डायलिसिस, रुग्णाला व सोबत्याला प्रवासखर्च.
३) खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक घरी बारमाही गोडे पाणी.

ही दया नव्हे, आपला हक्क आहे.

आणि त्या कास्तकाराला माझे उत्तर : पऱ्हाटी लाव भाऊ. पण मेळाव्याला येताना तपासणीचा कागद घेऊन ये, आणि घरच्यांचीही तपासणी करून घे.