काचबिंदूचे तज्ज्ञ घडतात कुठे आणि जातात कुठे?

दरवर्षी मार्च महिन्यात जागतिक काचबिंदू सप्ताह पाळला जातो. रुग्णालयांत फलक लागतात, चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या असे आवाहन होते आणि आठवडा संपतो. तपासायला गेलेल्या माणसाचा काचबिंदू ओळखणार कोण, हा प्रश्न त्या फलकांवर कधी नसतो. आमच्या मते खरी अडचण तिथेच आहे.

वस्त्यांमध्ये मोतीबिंदू आणि काचबिंदू या शब्दांची कायम गल्लत होते, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करू. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग धुरकट होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. बहुतेक वेळा त्यामागे डोळ्यातला वाढलेला दाब असतो, पण दाब नेमस्त असूनही नस खराब झालेले रुग्ण आहेत. गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेने जात राहते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. ‘मोती पिकू द्या, मग ऑपरेशन करू’ असे म्हणत घरी बसलेल्या माणसाला मोती नसून काचबिंदू असला, तर त्या वाट पाहण्यातच त्याचा डोळा जातो.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे. दक्षिण भारतात घरोघरच्या लोकांना तपासून जे अभ्यास झाले, त्यांत सापडलेल्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हते. यातले अनेक जण आधी कधीतरी डोळे तपासून आलेले होते. म्हणजे माणूस दवाखान्यात पोहोचला, डॉक्टरसमोर बसला, चष्म्याचा नंबर घेऊन परतला आणि नस तशीच राहिली.

याउलट २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आणि काचबिंदूचा फक्त ५.५ टक्के दाखवला आहे. धोरण आखणारे याच आकड्याकडे बोट दाखवतात. पण असे सर्वेक्षण मुख्यतः समोरची अक्षरे किती दिसतात ते मोजते. काचबिंदूचा रुग्ण नळीतून पाहावे तसा तक्त्याची अक्षरे वाचून दाखवतो आणि बाहेर पडताना दाराच्या चौकटीला धडकतो. त्याची नोंद ‘दिसते’ अशी होते. शिवाय मोतीबिंदूने आलेले अंधत्व बहुधा दूर करता येते, काचबिंदूचे कायमचे असते. दोन्ही एकाच रांगेत मोजून प्राधान्य ठरवणे आम्हाला पटत नाही.

आपली सरकारी नेत्रसेवा मोतीबिंदूभोवती उभी राहिली आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्रही होता. त्याने लाखो गरिबांना नजर दिली, हे मान्यच केले पाहिजे. पण जिल्ह्याचे उद्दिष्ट मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या संख्येत मोजले जाते, आणि जे मोजले जाते तेच शिकवले जाते. एम.एस. करणारा डॉक्टर तीन वर्षांत मोतीबिंदूवर हात बसवून बाहेर पडतो. काचबिंदू त्याने वाचलेला असतो, ओपीडीत पाहिलेलाही असतो, पण पुरेसा हाताळलेला नसतो.

म्हणून एम.एस. नंतरचे काचबिंदूचे प्रगत प्रशिक्षण महत्त्वाचे. मदुराईचे अरविंद, हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचे शंकर नेत्रालय अशा संस्थांत त्याची फेलोशिप असते. पूर्ण मुदतीचे प्रशिक्षण साधारण दीड ते दोन वर्षांचे. त्यात डॉक्टर काय शिकतो? विशिष्ट भिंग डोळ्यावर टेकवून पाण्याचा निचरा होणारा कोन उघडा आहे की बंद, हे पाहायला. नसेच्या टोकावरचा खळगा जन्मतः मोठा आहे की आजाराने मोठा होतोय, हे ओळखायला. दृष्टिक्षेत्राचा आलेख वाचायला, आणि रुग्ण कंटाळल्यामुळे बिघडलेला आलेख बाजूला काढायला. दाब किती खाली आणला म्हणजे या माणसाची नस वाचेल, हे ठरवायला. लेझर, निचऱ्याची नवी वाट करणारी ट्रॅबेक्युलेक्टॉमी, नळी बसवण्याची शस्त्रक्रिया, जन्मतः काचबिंदू असलेल्या बाळाचे ऑपरेशन. वर्षानुवर्षे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब घेऊन दाब वाढवून बसलेली तरुण मुलेही तिथे येतात.

दोन वर्षे लागतात याचे कारण हातातल्या कसबाइतकेच वेळेतही आहे. ट्रॅबेक्युलेक्टॉमी टेबलावर संपत नाही. पुढच्या आठवड्यांत टाका कधी सैल करायचा, वाट बुजत असेल तर काय करायचे, दाब फारच उतरला तर काय, यावर तिचे यश ठरते. आपण सहा महिन्यांपूर्वी घेतलेला निर्णय चुकला की बरोबर होता, हे तोच रुग्ण पुन्हा समोर आल्यावरच कळते. चार दिवसांच्या कार्यशाळेत हे शिकता येत नाही.

आता या दारातून आत कोण जातो ते पाहू. नेत्रशास्त्रात बहुतेक उपशाखांचे शिक्षण पदवीतून न होता अशा फेलोशिपमधून होते. निवड ज्या त्या संस्थेची परीक्षा आणि मुलाखत यांवर. देशभराची एक यादी नाही, रोस्टर नाही. अतिविशेष वैद्यकीय शिक्षणात आरक्षण नको, ही भूमिका इंद्रा साहनी खटल्यात १९९२ साली आणि डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने मांडली. गुणवत्ता पातळ होईल, हा युक्तिवाद. त्यावर आमचे म्हणणे सरळ आहे: एम.बी.बी.एस. ची साडेपाच वर्षे, एम.एस. ची तीन आणि फेलोशिपची दोन मिळून साडेदहा वर्षे होतात. घरातल्या पहिल्या डॉक्टरकडे तिशीच्या उंबरठ्यावर बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज आणि गावाकडचे घर एकदम येते. तो तुटपुंज्या विद्यावेतनावर आणखी दोन वर्षे परराज्यात राहू शकतो का, हा गुणवत्तेचा प्रश्न आहे की खिशाचा?

बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ते योग्यच होते. पण ती पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती परदेशी विद्यापीठांतील पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. साठी आहे. मदुराईला किंवा हैदराबादला काचबिंदू शिकायला निघालेला नवबौद्ध किंवा मातंग समाजाचा एम.एस. डॉक्टर या दोन्ही चौकटींत बसत नाही. त्याला आरक्षण मिळण्याची कायदेशीर लढाई लांबची आहे. अधिछात्रवृत्तीला मात्र न्यायालयाची आडकाठी नाही, ती सामाजिक न्याय विभागाच्या निर्णयाने सुरू होऊ शकते.

दुसरी बाजू आरोग्य विभागाची. फेलोशिप केलेला डॉक्टर मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयात जातो म्हणून त्याला दोष देऊन भागत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या पदरचनेत नेत्रशल्यचिकित्सक असतो, काचबिंदूतज्ज्ञ असे पद नसते. तिथे परत येऊन तो बसणार कुठे आणि कशावर काम करणार? सेवेतल्या नेत्रशल्यचिकित्सकाला पूर्ण पगारावर प्रशिक्षणाला पाठवावे, ठरावीक वर्षे विभागातल्या एका जिल्ह्यात बांधून घ्यावे आणि तो परतण्याआधी दृष्टिक्षेत्र मोजण्याचे यंत्र चालू अवस्थेत असावे. काही जण म्हणतील, प्रत्येक जिल्ह्याला तज्ज्ञ कशाला, साध्या डॉक्टरला ओळखता आले तरी पुरे. ओळखण्यापुरते हे खरे आहे. पण त्या साध्या डॉक्टरला आणि नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याला शिकवणार कोण, आणि ओळखलेला रुग्ण तो पाठवणार कुठे?

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्या संघटना नेत्रतपासणी शिबिरे घेतात. पुढच्या शिबिराला येणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, की चष्म्याच्या नंबराबरोबर चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब आणि नसही पाहिली पाहिजे. नुसत्या दाबावर थांबू नका. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांना आवर्जून बोलवा, कारण त्यांना धोका जास्त असतो. आणि शिबिराच्या आधी जिल्हा रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दृष्टिक्षेत्र तपासण्याचे यंत्र आहे का, असल्यास गेल्या वर्षभरात त्यावर किती तपासण्या झाल्या, काचबिंदूच्या किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्ण बाहेर पाठवले आणि कुठे, गेल्या दहा वर्षांत किती डॉक्टरांना काचबिंदूच्या प्रशिक्षणाला पाठवले. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ते आले की तालुक्याच्या बैठकीत वाचून दाखवा.