अ‍ॅपमध्ये दिसणारा क्रिप्टोचा नफा खरा आहे का? पैसे टाकण्याआधी हे तपासा

"दादा, ४२ हजारांचे १ लाख ९० हजार झालेत. फक्त टॅक्स भरायचा राहिलाय, तो भरला की सगळे काढता येतील. ४४,४०० रुपये पाठवतोस का? दोन दिवसांत परत देतो."

मागच्या महिन्यात मावसभावाचा हा फोन आला. तो बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटर कळत नाही असं अजिबात नाही. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून त्याला ट्रेडिंग अ‍ॅपची लिंक मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्याने १,५०० रुपये काढून बघितले आणि ते बँकेत जमाही झाले. मग विश्वास बसला आणि पुढच्या सेमिस्टरची फी त्याने अ‍ॅपमध्ये टाकली.

'किती भोळा!' असं वाटलं असेल तर जरा थांबा. त्याने तपासून बघितलं होतं. पण तो काय तपासणार हे समोरच्यांना आधीच माहीत होतं. १,५०० रुपये परत देणं हा त्यांचा धंद्यातला खर्च.

अशा अ‍ॅपच्या आत काय असतं?

मी रोज अ‍ॅप बनवण्याचंच काम करतो, म्हणून सांगतो. बिटकॉइनचा वर-खाली होणारा चार्ट खरा असतो, कारण मोठ्या एक्स्चेंजचे भाव कोणालाही फुकट घेऊन आपल्या अ‍ॅपमध्ये दाखवता येतात. खाली दिसणारा तुमचा बॅलन्स मात्र त्यांच्या डेटाबेसमधला एक आकडा असतो. तुम्ही 'बाय' दाबलं की बाजारात काहीच विकत घेतलं जात नाही, फक्त तो आकडा बदलतो. किती बदलायचा हे अ‍ॅप चालवणारा ठरवतो. असं अ‍ॅप एका शनिवार-रविवारी उभं राहू शकतं.

खऱ्या एक्स्चेंजवरचा बॅलन्सही त्यांच्या हिशोबातला आकडाच असतो, हे खरं. पण त्या आकड्यामागे कायद्याला उत्तर देणारी कंपनी असते. इथे मागे कोणीच नसतं. म्हणून अ‍ॅपमध्ये किती दिसतंय यावर जाऊ नका. तुमचे पैसे कोणाच्या खात्यात गेले, ते बघा.

'आधी टॅक्स भरा' हा शेवटचा सापळा

४४,४०० हा आकडा कुठून आला? १ लाख ४८ हजारांच्या नफ्यावर ३० टक्के. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर खरंच आहे, म्हणूनच ही मागणी पटते.

पण तो कर तुम्ही स्वतः आयकर विभागाकडे भरता, रिटर्न भरताना त्याचा हिशोब देता. एक्स्चेंज कापतं तो साधारणपणे १ टक्का टीडीएस, जुलै २०२२ पासून. तोही विक्रीच्या रकमेतून कापला जातो, वेगळा मागून घेतला जात नाही. पैसे काढण्यासाठी आधी पैसे भरायला सांगितले, तर नाव टॅक्स असो, अनलॉक फी असो की सिक्युरिटी डिपॉझिट, ती फसवणूकच समजा.

युक्ती जुनी, पॅकिंग नवीन

गेनबिटकॉइन आठवतंय? २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत १८ महिने, दर महिन्याला १० टक्के परताव्याचं आमिष होतं. नवीन लोक येणं कमी झालं तसं परतावा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाच्या त्यांच्याच टोकनमध्ये देणं सुरू झालं, ज्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने अगदीच किरकोळ होती. सूत्रधार असल्याचा आरोप असलेल्या अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर छापे पडले, त्यात पुणे, नांदेड आणि कोल्हापूरही होतं.

तेव्हा सेमिनार व्हायचे, ओळखीचा माणूस जोडायला यायचा. आता ते काम टेलिग्राम ग्रुप करतो. रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे मेंबर बहुतेक वेळा त्याच टोळीचे असतात.

पैसे टाकण्याआधी

१. भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजला एफआययू-इंडियाकडे नोंदणी बंधनकारक आहे. तिथे नाव आहे का बघा. वेबसाइटचा पत्ताही अक्षर न् अक्षर जुळवा, कारण नकली अ‍ॅप खरंच नाव वापरतात.

२. चॅटमध्ये आलेली एपीके फाइल इन्स्टॉल करू नका.

३. यूपीआय पिन टाकण्याआधी दिसणारं नाव वाचा. भावाचे पैसे तीन वेळा तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावावर गेले होते. कुठलीही खरी कंपनी असं करत नाही.

४. 'तुझं बँक खातं वापरायला दे, कमिशन देतो' याला स्पष्ट नाही म्हणा. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरतात आणि पोलीस आधी खातेदाराकडे येतात.

नोंदणी म्हणजे हमी नाही, हेही लक्षात ठेवा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर हॅकिंग होऊन सुमारे २३ कोटी डॉलर गेले. ती जोखीम वेगळी आणि ती खऱ्या एक्स्चेंजवरही राहतेच. बुडाले तरी चालतील एवढेच पैसे टाका.

पैसे गेले असतील तर

लगेच १९३० वर फोन करा, नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच मिळण्याची आशा असते, त्यामुळे इथे प्रत्येक तास महत्त्वाचा. चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. नंतर 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणत जो मेसेज येतो, तोही बहुतेक त्यांचाच असतो.

भावाला मी ४४,४०० पाठवले नाहीत. त्याच रात्री आम्ही १९३० वर तक्रार केली. एका खात्यातले ९ हजार अडवले गेले, बाकीचे आधीच पुढे गेले होते. घरी सांगायला त्याला चार दिवस लागले. फोन मला करण्याआधी तो आठवडाभर एकटाच पैसे जमवत बसला होता. त्याच आठवड्यात कोणाला तरी सांगितलं असतं, तर कदाचित आणखी काही अडवता आले असते. तुमच्या ग्रुपमधला कोणी अचानक 'टॅक्ससाठी' उसने मागायला लागला, तर पैसे देऊ नका. त्याचा फोन हातात घ्या आणि अ‍ॅप बघा.