नाक काळें पडलें म्हणून अंगारा कशाला?

चिकुनगुन्याचा ताप उतरल्यावर कित्येकांचें नाक काळें पडतें. घरचीं माणसें घाबरतात, शेजारी करणीची कुजबुज करतात, आणि आधींच खाट धरलेल्या घराच्या कनवटीचा पैका मांत्रिकाकडे जातो. आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, ही करणी नव्हे, कुष्ठही नव्हे. हें डांसाचें काम आहे.

हा रोग आपणांस नवा नाहीं. 1973 सालीं सोलापूर जिल्ह्यांत बार्शीस त्याची साथ आली होती. पुढें तो बहुतेक दबून राहिला, आणि 2006 सालीं देशांत 13 लाखांहून अधिक संशयित रोगी नोंदले गेले. ताप व सांध्यांची असह्य कळ ही त्याची ओळख सर्वांस झाली आहे. पण 2024 सालीं पुण्याच्या डॉक्टरांस कोणाचें नाक काळवंडलेलें, तर कोणाच्या हातापायांतलें बळ गेलेलें आढळलें.

यांत भेद ओळखावा. नाकावरचा काळेपणा बहुधा कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप फिका पडतो. त्यासाठीं एक पैही खर्चूं नये. परंतु रोगी बरळूं लागला, झटके आले, पाय लुळे पडले किंवा धाप लागली, तर त्याच दिवशीं त्यास मोठ्या सरकारी दवाखान्यांत न्यावें. बाळंतपणाच्या सुमारास आईस ताप असेल तर डॉक्टरांस आधींच सांगावें. तान्ह्या बाळाच्या मेंदूस धोका असतो. हाच डांस डेंग्यूही पसरवितो. म्हणून रक्त तपासून डेंग्यू नाहीं असें ठरेपर्यंत पॅरासिटामोलखेरीज दुखण्याची दुसरी गोळी मनानें घेऊं नये. रक्तस्रावाचें भय असतें.

हा डांस दिवसा चावतो व सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. अंड्याचा डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून रांजण, गुरांची टांकी, लोहाराची डोण आठवड्यांतून एकदां रिकामी करून घासावी. अंडीं कडेला चिकटलेलीं असतात.

पण सारा दोष आमच्या रांजणावर ढकलूं नका! चार-चार दिवस नळ कोरडा ठेवावयाचा आणि वर पाणी सांठवूं नका म्हणून उपदेश करावयाचा, हा कोठला न्याय? रोज पाणी द्या, रांजण आम्हीच पालथे घालूं. हातावर पोट असणाराचे सांधे हेंच त्याचें भांडवल. तें बुडालें तर त्याची भरपाई कोण देणार?